वाचकांचे प्रश्न : एजिना बेटावरचे अफाइयाचे मंदिर

मागच्या अंकात आम्ही ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या अफाइया देवीच्या मंदिराचे छायाचित्र छापले होते. पाइनच्या झाडीतल्या टेकडीवर उभे असलेले खांब, आणि खाली दोन ओळींची माहिती. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात हे मंदिर ज्युपिटरचे असल्याचे लिहिले आहे, दुसऱ्यात अथेनाचे. तुम्ही अफाइयाचे म्हणता. नेमके कोणाचे? (नाशिक)

अफाइयाचेच. दोन्ही जुन्या पुस्तकांची चूक मात्र समजण्यासारखी आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस याने एजिनावर झ्यूसचे (रोमन लोकांचा ज्युपिटर तो हाच) एक ठाणे असल्याचे लिहून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या युरोपीय मंडळींना बेटावर एवढे मोठे मंदिर दिसल्यावर त्यांनी हेच ते, असे ठरवून टाकले. प्रत्यक्षात झ्यूसचे ठाणे बेटावरच्या सर्वांत उंच डोंगरावर होते. पुढे मंदिराच्या दोन्ही त्रिकोणी दर्शनी भागांतली शिल्पे सापडली. दोन्हींच्या मध्यभागी अथेना उभी, म्हणून मंदिर अथेनाचे, असा तर्क झाला. पण ग्रीक मंदिराच्या कपाळावर जी देवता असेल तीच आत असते, असा काही नियम नाही.

वाद मिटला तो १९०१ मध्ये. जर्मन पुरातत्त्वज्ञ आडोल्फ फुर्टवेंगलर यांच्या उत्खननात इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला. मजकूर अगदी मोजका आहे : क्लिओइतास पुजारी असताना अफाइयासाठी घर बांधले, वेदी बांधली, हस्तिदंताचे काम जोडले आणि भोवती आवार घातले. पुजाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर दगडावरून उडाले आहे, ते अभ्यासकांनी भरून घेतले आहे. देवीचे नाव मात्र स्पष्ट आहे.

पॉसेनिअसनेही अफाइयाचा वेगळा उल्लेख केलाच होता. त्याने दिलेली कथा अशी : क्रीट बेटावरच्या ब्रिटोमार्टिसच्या मागे राजा मिनोस लागला. त्याला चुकवून तिने मासे पकडायला टाकलेल्या जाळ्यांत उडी घेतली. शिकारीची देवी आर्टेमिस हिने तिला देवपण दिले आणि एजिनाचे लोक तिला अफाइया म्हणू लागले. कथा नंतरची असेल, पण जागेवरची पूजा फार जुनी आहे. इथे मायसीनी काळातल्या, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातल्या, मातीच्या लहान स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत आणि त्यांतल्या काहींच्या कडेवर मूल आहे. अथेना, झ्यूस या सगळ्या चर्चेपेक्षा या वीतभर मूर्ती आम्हाला जास्त बोलक्या वाटतात.

मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इथले खांब एकसंध दगडाचे आहेत, पण उत्तरेकडचे तीन खांब तुकडे रचून केलेले आहेत, असे वाचले. दगड कमी पडला का? मंदिर बांधले कसे? (पुणे)

दगड कमी पडला नव्हता. उत्तर बांधकामाच्या क्रमात आहे, पण आधी मापे पाहू.

सर्वांत वरच्या पायरीवरचे जोते साधारण १३.८ मीटर रुंद आणि २८.८ मीटर लांब आहे. दर्शनी बाजूला ६ खांब आणि लांबीला १२. कोपऱ्यातले दोनदा मोजायचे नाहीत, म्हणून एकूण ३२. खांबाची उंची शिरोभागासह सव्वापाच मीटरच्या आसपास आणि तळाचा व्यास सुमारे एक मीटर. अशा एका खांबाचे, शिरोभाग सोडून, आकारमान पावणेतीन-तीन घनमीटर भरते. इथला सच्छिद्र चुनखडी दगड संगमरवरापेक्षा हलका असला, तरी एक खांब सहा टनांच्या आसपास जातो. एवढा ऐवज अखंड आणून उभा करायचा तर त्याला आडवे फिरायला आणि उभे राहायला मोकळी जागा हवी.

आता अडचण अशी की खांबांची बाहेरची रांग आणि आतला गाभारा एकमेकांपासून फारसे लांब नाहीत. बाहेरचे सगळे खांब आधी उभे केले तर गाभाऱ्याचे चिरे आत न्यायचे कुठून? म्हणून उत्तर बाजूला वाट मोकळी ठेवली असावी, असे मानले जाते. आतले काम उरकल्यावर त्या वाटेतले तीन खांब बसवायचे राहिले. पण तोवर आत अखंड खांब उभा करायला जागाच उरली नव्हती, म्हणून ते गोल तुकडे एकावर एक चढवून केले. बांधकाम कोणत्या बाजूने संपले हे त्या तीन खांबांवरून आजही सांगता येते.

दगड उचलण्याच्या खुणाही शिल्लक आहेत. वरच्या थरांतल्या काही चिऱ्यांच्या टोकांना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या खाचा आहेत. या खाचेत दोर बसवायचा, चिरा उचलून जागेवर ठेवायचा आणि शेजारचा चिरा सरकवण्याआधी दोर ओढून काढायचा. खाच सांध्यात लपते, बाहेरून दिसत नाही. दगड पडले तेव्हा सांधे उघडले, म्हणून आज आपल्याला ती दिसते.

सांध्यांत चुना नाही, ग्रीक पाथरवट दगडावर दगड कोरडाच बसवत. शेजारच्या दोन चिऱ्यांना लोखंडी आकड्याने जोडायचे आणि आकड्याभोवती वितळलेले शिसे ओतायचे. शिसे दोन कामे करते : आकडा घट्ट धरते, आणि लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. शिसे अपुरे पडले किंवा नंतर कोणी खरवडून नेले की लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि दगड आतून फोडते. ग्रीक अवशेषांत चिऱ्यांच्या कडेला जे ओबडधोबड खड्डे दिसतात, ते बहुतेक अशाच धातुचोरीचे.

खांबांवरच्या उभ्या पन्हळी खांब उभा केल्यानंतर पूर्ण करत. आधी कोरल्या तर चढवताना त्यांच्या धारदार कडा तुटणार. पन्हळी झाल्या की संगमरवराची भुकटी मिसळलेला चुन्याचा पातळ गिलावा, त्यामुळे भोकाभोकांचा दगड गुळगुळीत पांढरा दिसे. आज हा गिलावा जवळजवळ सगळा गेला आहे आणि उघड्या दगडात पावसाचे पाणी व समुद्राकडून येणारा खार शिरतो. छायाचित्रात खांब खडबडीत, मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसतात ते त्यामुळे. बांधले तेव्हा ते तसे दिसत नव्हते.

आत गेल्यावर गाभाऱ्याच्या मध्यभागातून दोन बाजूंना पाच-पाच खांबांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्यावर लहान खांबांचा दुसरा मजला. वरचा खांब खालच्या खांबाचाच निमुळतेपणा पुढे चालवतो. एकाच उंच खांबाने छत पेलायचे तर त्याचा तळ फार जाड करावा लागला असता आणि गाभाऱ्यात मूर्तीला जागा उरली नसती. दुमजली रांगेची ही युक्ती इतकी चांगली शिल्लक राहिलेली मंदिरे ग्रीसमध्ये मोजकीच आहेत. भेट दिलीत तर इथेच जास्त वेळ थांबा.

मुंबईच्या टाऊन हॉलचे खांब असेच दिसतात. काही संबंध आहे का? आणि छायाचित्रात कोपऱ्यातले दोन खांब जास्त जवळ का वाटतात? (दादर)

टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, १८३३ मध्ये पूर्ण झाला. त्या काळात ब्रिटिश वास्तुकारांमध्ये ग्रीक डोरिक शैलीची चलती होती. संबंध एवढाच, घराण्याचा.

कोपऱ्याचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. डोरिक इमारतीत खांबांवर तुळई आणि तुळईवर एक पट्टा असतो. पट्ट्यात तीन उभ्या रेघांचा चौकोन आणि सपाट चौकोन आळीपाळीने येतात. रेघांचा चौकोन प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर यावा, हा एक नियम, आणि पट्ट्याचा शेवट रेघांच्या चौकोनानेच व्हावा, हा दुसरा. कोपऱ्यावर दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, कारण रेघांचा चौकोन तुळईच्या जाडीपेक्षा अरुंद असतो. तो टोकाला नेला तर खांबाच्या मध्यावरून सरकतो. तोडगा म्हणून शेवटचा खांब थोडा आत घेतात, म्हणजे कोपऱ्यातले अंतर बाकीच्यांपेक्षा कमी होते. अफाइयाला हेच केले आहे, शिवाय कोपऱ्यातले खांब किंचित जाडही आहेत. उघड्या आकाशासमोर एकटा उभा खांब डोळ्याला बारीक वाटतो, त्याची ती भरपाई. टाऊन हॉलसमोर उभे राहून हेच तपासून पाहा. रविवारची सकाळ छान जाईल.

भक्त गाभाऱ्यापर्यंत जात का? खांबांमधून प्रदक्षिणा घालत का? (पंढरपूर)

ग्रीक पूजेचा मुख्य भाग बाहेर, उघड्यावर होई. मंदिराच्या पूर्वेला मोठी वेदी होती आणि दरवाजापासून तिच्याकडे फरसबंद वाट जात होती. पशुबळी वेदीवर. देवाचा वाटा अग्नीत जाई आणि उरलेले मांस लोकांत वाटले जाई. मंदिर म्हणजे मूर्तीचे घर आणि अर्पण केलेल्या वस्तूंचे कोठार. म्हणूनच पुढच्या-मागच्या ओवऱ्यांच्या खांबांमध्ये जाळ्या बसवल्याच्या खुणा दगडावर सापडतात. भोवतालची खांबांची ओवरी प्रदक्षिणेसाठी बांधलेली नव्हती.

आवारात आणखी काय होते? दक्षिणेला प्रवेशद्वार, जवळ पुजाऱ्यांच्या वापरातल्या खोल्या, अंग धुऊन शुद्ध होण्याची जागा आणि ईशान्येला जमिनीत खणलेले टाके. टेकडीवर झरा नाही, म्हणून मंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी या टाक्यात साठवत.

मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. इथल्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात या मंदिराची शिल्पे आहेत. ती इथे कशी आली आणि पाहताना काय पाहावे? (म्युनिक)

१८११ च्या वसंतात इंग्रज वास्तुकार चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल, जर्मन वास्तुकार हालर फॉन हालरश्टाइन आणि त्यांचे सोबती मंदिराची मापे घ्यायला आले. खणताना शिल्पे निघाली. बेट तेव्हा ऑटोमन अमलाखाली होते. स्थानिकांना सुमारे ४० पौंडांएवढी रक्कम देऊन मंडळींनी शिल्पे हलवली. १८१२ मध्ये झांटे बेटावर लिलाव झाला. शिल्पे मात्र सुरक्षिततेसाठी माल्टाला नेलेली होती, त्यामुळे ब्रिटिशांचा प्रतिनिधी माल्टाला जाऊन बसला आणि बव्हेरियाच्या युवराज लुडविगच्या प्रतिनिधीने झांटेत सौदा केला. ती लंडनऐवजी म्युनिकला गेली यामागे ही गफलत आहे. व्यवहार कायद्यात बसवलेला असेल, पण ज्यांच्या बेटावरून ती गेली त्यांच्या मताला त्यात फारशी किंमत नव्हती, हे म्हटलेच पाहिजे.

पुढे रोममध्ये डॅनिश शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसेन याने १८१६ ते १८१८ दरम्यान हरवलेले हातपाय, डोकी संगमरवरात घडवून जोडली. नवा भाग नीट बसावा म्हणून जुन्या तुटक्या कडा छाटून सपाट केल्या गेल्या. हीच खरी हानी. तुटलेली कड म्हणजे पुरावा असतो : हात कोणत्या कोनात होता, दुसरा तुकडा कोणता, हे तिच्यावरून कळते. ती छाटली की पुरावा संपला. १९६० च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञ डीटर ओली यांच्या देखरेखीखाली हे सगळे जोड काढून टाकले, म्हणून तुम्हाला आज अर्धवट आकृत्या आणि त्यांना धरणारे दांडे दिसतात. काही जणांना ते ओकेबोके वाटते. आमच्या मते ओलींनी बरोबर केले, पण थोरवाल्डसेनचे कामही आता दोनशे वर्षांचा इतिहास आहे, या आक्षेपातही तथ्य आहे.

पाहायची सुरुवात दोन मरणाऱ्या योद्ध्यांपासून करा. दोघेही आपापल्या त्रिकोणाच्या कोपऱ्यात आहेत. पश्चिमेकडचा योद्धा छातीतला बाण उपसतो आहे, पण चेहरा आपल्याकडे वळलेला आणि ओठांवर त्या काळच्या मूर्तींचे ठरावीक स्मित. पूर्वेकडचा ढालीचा आधार घेत कोसळतो आहे, धड पिळले आहे, मान खाली, लक्ष पूर्णपणे स्वतःच्या शरीराकडे. दोन्हींत अंतर फार तर दहा-वीस वर्षांचे : पश्चिमेची शिल्पे इ.स.पू. ४९० च्या आसपास धरतात, पूर्वेची ४८० च्या. काही अभ्यासक सगळेच काम ४८० नंतरचे मानतात. काहीही असले तरी ग्रीक शिल्पकलेचा बदल इतक्या जवळून, एकाच इमारतीवर पाहायला मिळणे दुर्मीळ.

मग मूर्तींच्या मागे जा. त्रिकोणाच्या भिंतीकडे असलेली पाठ खालून कोणालाच दिसणार नव्हती, तरी ती पूर्ण घडवली आहे. आणि भोके शोधा. कपाळावरची बारीक भोके केसांच्या बटा जोडण्यासाठी, हातातली शस्त्रांसाठी. तलवारी, भाले, धनुष्ये धातूची होती, ती गेली. गुडघा टेकून बसलेला, डोक्यावर सिंहाच्या मुखाचे शिरस्त्राण घातलेला ग्रीक पुराणांतला वीर हेराक्लीज हवेतच नेम धरून बसल्यासारखा दिसतो तो यामुळे.

प्रसंग दोन्हीकडे ट्रॉय शहरावरच्या लढाईचे आहेत, पण वेगवेगळ्या पिढ्यांचे. पूर्वेला हेराक्लीज आणि एजिनाचा वीर टेलामॉन, पश्चिमेला टेलामॉनचा मुलगा एजॅक्स. आमच्या घरच्या माणसांनी ट्रॉय दोनदा जिंकले, असे एजिनाकरांना सांगायचे होते. चांदीच्या कासव छापाच्या नाण्यांवर व्यापार करणाऱ्या श्रीमंत बेटाला हे शोभणारेच. संग्रहालय सोमवारी बंद असते.

इंटरनेटवर या मूर्तींची भडक रंगीत चित्रे फिरतात. ते रंग खरे की कल्पना? (कोल्हापूर)

रंग होते, याबद्दल शंका नाही. १८११ मध्ये खणणाऱ्यांनाच ते दिसले होते. कोणता रंग कुठे, हे ठरवायच्या पद्धती अशा : एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला की पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचसखल दिसते. काही रंग टिकाऊ, काही लवकर उडणारे. जिथला रंग लवकर उडाला तिथला संगमरवर जास्त झिजला, जिथे टिकला तिथे कमी. त्यामुळे रंग गेला तरी नक्षीची बाह्यरेषा राहते. अतिनील प्रकाशात हा फरक आणखी स्पष्ट होतो. शिवाय कोपऱ्या-कपारीत उरलेल्या कणांची तपासणी करून अझुराइटचा निळा, मॅलकाइटचा हिरवा, गेरूचा तांबडा असे ओळखता येते.

या पुराव्यावरून जर्मन पुरातत्त्वज्ञ विन्झेन्झ ब्रिंकमान यांनी पश्चिमेकडच्या धनुर्धाऱ्याची रंगीत प्रतिकृती करवून घेतली. अंगाला घट्ट बसलेल्या विजारीवर आणि बाह्यांवर शंकरपाळ्यांची दाट नक्षी आहे. नक्षीच्या रेषा भरवशाच्या. रंगाची नेमकी छटा, त्याचा थर जाड की पातळ, हे मात्र प्रतिकृती करणाऱ्याच्या निवडीवर बरेचसे अवलंबून आहे आणि भडकपणाची तक्रार त्या भागाबद्दल करता येते.

रंगांचा सर्वांत चांगला पुरावा गंमत म्हणजे या मंदिराकडून येत नाही, आधीच्या मंदिराकडून येतो. इ.स.पू. ५७० च्या सुमाराचे ते लहान मंदिर ५१० च्या आसपास जळाले. नव्या मंदिरासाठी चौथरा वाढवताना त्याचे दगड भरावात टाकले गेले. अडीच हजार वर्षे ऊन-पाऊस न लागल्याने त्यांच्यावरचा रंग राहिला.

अफाइया, अथेन्समधले अथेनाचे मंदिर पार्थेनॉन आणि सुनिअन भूशिरावरचे समुद्रदेव पोसायडनचे मंदिर मिळून अचूक समद्विभुज त्रिकोण होतो, म्हणे. प्राचीन ग्रीकांना हे कसे जमले? (ठाणे, नागपूर)

नकाशावर मोजून पाहा. सुनिअन ते पार्थेनॉन आणि सुनिअन ते अफाइया ही दोन्ही अंतरे ४४ ते ४५ किलोमीटर भरतात, फरक साधारण अर्ध्या किलोमीटरचा. म्हणजे जवळपास समान, अचूक नाही. आता काळ पाहा. अफाइयाचे आजचे मंदिर इ.स.पू. ५०० नंतर लगेचचे. पार्थेनॉन ४४७ ते ४३२. सुनिअनचे ४४० च्या दशकातले. तिन्ही जागांवर त्याआधीपासून पूजा चालत होती, त्यामुळे जागा कोणी एकाने एका बैठकीत निवडल्या नाहीत. त्यातून एजिना आणि अथेन्स एकमेकांचे वैरी. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने शहराचे आरमार उभारायला निमित्त दिले तेच मुळी एजिनाशी चाललेल्या युद्धाचे. ४३१ मध्ये तर अथेन्सने एजिनाच्या लोकांना बेटावरून हाकलून दिले. वैऱ्याशी मिळून भूमिती आखतो कोण? या किनाऱ्यावर टेकडी-टेकडीवर मंदिरे आहेत. त्यांतली तीन निवडायची मोकळीक असली की हवा तो त्रिकोण मिळतो.

अथेन्सहून एका दिवसात जाऊन येता येईल का? सोबत सत्तरीच्या आई आहेत. (औरंगाबाद)

येईल. मेट्रोने पिरिअस बंदर गाठा, एजिनाच्या बोटी बहुधा ई-८ फाटकावरून सुटतात. मोठी फेरी सव्वा तास घेते, वेगवान बोट सुमारे चाळीस मिनिटे. आईंसाठी मोठी फेरी बरी : हलते कमी आणि वारा वाढला की वेगवान बोटी आधी रद्द होतात. एजिना बंदरावर उतरल्यावर अगिआ मरीना या किनाऱ्यावरच्या गावाकडे जाणारी बस घ्या. अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आणि बस मंदिरापाशी थांबते. अगिआ मरीनाहून चढत येणारी पाऊलवाट आहे, पण चढ उभा आहे, आईंना त्या वाटेने नेऊ नका.

घोळ होतो तो परतीला. उन्हाळा सोडून बसफेऱ्या विरळ असतात. उतरताक्षणी परतीची वेळ चालकाला विचारा आणि बोट तिच्यानंतर किमान तासाभराची धरा. बस चुकली तर टॅक्सी बोलवावी लागते. आवारात दीड तास पुरे. मंदिराच्या पायऱ्यांवर चढू देत नाहीत, भोवती फिरूनच पाहायचे आहे. जमीन उंचसखल आहे, बूट रबरी तळाचे हवेत. पाणी सोबत ठेवा. तिथले छोटे संग्रहालय ठरावीक वेळीच उघडते, तेव्हा तिकीट काढतानाच चौकशी करा. हवा स्वच्छ असेल तर टेकडीवरून अथेन्सची बाजू दिसते. बंदरावर परतल्यावर वेळ उरला तर एजिनाचे पिस्ते घ्या, तिथले प्रसिद्ध आहेत आणि नवा माल ऑगस्ट-सप्टेंबरनंतर येतो.

म्युनिकला जाणे शक्य नाही. अथेन्समध्ये या मंदिराचे मूळ काही पाहायला मिळेल का? (सांगली)

मिळेल. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नंतरच्या उत्खननांत सापडलेली योद्ध्यांची डोकी आणि काही तुकडे आहेत. मंदिरावर बसलेल्या दोन संचांशिवाय आणखी एका संचाचे अवशेष वेदीजवळ मिळाले होते. फुर्टवेंगलर यांना ते स्पर्धेत हरलेल्या शिल्पकाराचे काम वाटले, ओली यांना पूर्वेकडचा मूळ संच, जो उतरवून आवारात मांडला असावा. पश्चिमेकडच्या योद्ध्याचे छायाचित्र फोनमध्ये घेऊन जा आणि डोळ्यांची ठेवण, ओठांच्या कडा शेजारी धरून ताडून पाहा.